अमोस हिंडल यांनी लिंडहाम्नच्या फौजेचे किताब उतरविले त्याची हकीकत

लिंडहाम्न फुटबॉल मंडळीचे वार्षिक सभेचे सेवेसी, सेवक चिटणीस तूरे एकमान याचा दंडवत. आज्ञा झाली की, सन एकोणीसशे बाराचे मोहिमेत काय कैसे घडले ते साद्यंत लिहावे, पदरचे घालू नये. त्यास सेवकाने मैदानाचे कडेस उभे राहून जे डोळां देखिले तेच लिहिले. थोडे पदरचे पडले असल्यास सभेने उदार मनाने पोटात घालावे.

हिंडल साहेब मूळचे लँकेशायर प्रांतीचे, गिरणीकामगाराचे पुत्र. बारा वर्षे शर्थीने उजवी फळी राखिली, आणि मग एके लढाईत गुडघा खर्ची पडला, आणि मग बोटीने दर्या उल्लंघून आमचे स्वीडन मुलखी फौजेस शिकवावयास दाखल जाहाले. तोपावेतो चेंडू आभाळी उडवावा आणि सर्वांनी त्याचे खाली धावावे, इतकीच आमची युद्धनीती. साहेबांनी हुकूम केला की, चेंडू जमिनीवरून, हाकेसरशी, एकाने दुसऱ्यास द्यावा. मसलत खाशी; परंतु तीन लढाया हरलो, आणि कमिटीचे फर्मान निघाले की, रविवारी स्ट्रोमवीककरांपुढे हार जाहाल्यास साहेबांनी सोमवारचे बोटीने स्वदेशी कूच करावे. स्वदेशी गिरणीच होती, आणि तो गुडघा गिरणीचे कामाचा उरला नव्हता. सेवकास फार वाईट वाटले.

आमचे मुलखीची रीत ऐशी की, माणसास नुसत्या नावाने हाक मारणे म्हणजे भर बाजारी त्याची टोपी उडविणे. ज्याचा जो हुद्दा तो पुरता उच्चारावा. मंडळीतील वडील माणसाने पेला उचलून किताब उतरवावे, सर्वांनी प्यावे, तेव्हाच नाव तोंडी यावे.

रविवारी रणशिंग फुंकले. डावे बगलेस लोहार निल्स हेडबर्ग गोलापुढे मोकळे सापडले आणि त्यांनी अदबीने पुकारा केला, “जकातखात्याचे मुख्य इन्स्पेक्टर ब्रूनियुस महाशय जरा चेंडू इकडे देतील का?”

इन्स्पेक्टर थांबून म्हणाले, “लोहारकारागीर हेडबर्ग महाशय काही म्हणाले का?”

तितक्यात चेंडू गेला. स्ट्रोमवीककर एकाच कोळीवाड्यातले, सारे चुलतभाऊ. “ए पेर! झोपलास काय? दे की इकडे!” ऐसा ओरडा जाहाला आणि आम्हांवर गोल चढला.

मध्यंतरी साहेबांचा पारा चढला. “नावं नाहीत का रे तुम्हाला?”

“आहेत ना,” इन्स्पेक्टर म्हणाले. “पण आमची ओळख आत्ता कुठे चार वर्षांची.”

फौजेचे सदरे धुणाऱ्या हुल्दाबाई बादली आपटून पुढे आल्या. “अहो साहेब, त्यांच्यावर काय खेकसताय? इथे वयानं मोठे तुम्ही! मोठ्यानंच विषय काढायचा असतो. ते बिचारे मार्चपासून तुमच्या तोंडाकडे बघतायत!”

साहेबांचा चेहरा उतरला. सारा कसूर आपलाच, हे त्यांस तेव्हा उमगले. त्यांनी लिंबूपाण्याचा पेला उचलिला.

“लिंबूपाण्यावर?” इन्स्पेक्टर ओशाळून म्हणाले. “माफ करा, पण याला पुंचच लागतो.”

पुंच म्हणजे गोड दारू. ती कमिटीचे पेटीत सदैव हजर. परंतु साहेबांनी पंधरावे वर्षी गावचे चॅपेलात मद्यत्यागाची शपथ वाहिली होती आणि पुरती एकतीस वर्षे पाळिली होती. त्यांनी पेला भरून घेतला, बराच वेळ पाहिला, आणि मग एका दमात रिता केला, आणि मग जबर खोकला आला.

“मी अमोस,” ते म्हणाले.

मग पेला फिरला. इन्स्पेक्टर लोहाराकडे वळून पुटपुटले, “अक्सेल.”

“निल्स.”

दोघेही कानापर्यंत लाल जाहाले.

मग जी धुमश्चक्री उडाली ती वर्णावी किती! नावांचा नुसता गजर, चेंडू हाकेसरशी धावे, बरोबरी जाहाली. अखेरचे क्षणी चेंडू अक्सेलकडे येत होता, तोच मागून आरोळी आली, “अक्सेल, गाढवा, सोड ना तो!”

ज्यास खुद्द त्याची सासू इन्स्पेक्टर म्हणे, त्याने पाय फाकून चेंडू जाऊ दिला, आणि मागून निल्सने गोल ठोकला.

“गाढवा म्हणालास?” अक्सेलने विचारले.

“म्हणालो.”

“बरं केलंस.”

येणेंप्रमाणे लिंडहाम्नकर दोन, स्ट्रोमवीककर एक. फत्ते जाहाली, कमिटीने फर्मान मागे घेतले. दुसरे दिवशी साहेबांनी चॅपेलचे पाद्रीबावांस पत्र धाडिले की, शपथ मोडली. अकरा माणसांची एकमेकांशी ओळख करून द्यावयाची होती, दुसरा इलाज नव्हता. सोमवारची बोट वेळेवर सुटली. अमोस राहिला.