डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनावरील मोहिमेची हकीकत

थोरांनी लढाया माराव्या आणि इतरांनी त्या लिहाव्या, ऐसा रिवाज आहे. परंतु जी लढाई वीस लिटरच्या एका पांढऱ्या कॅनासाठी जाहली, जींत दोन सुभेदारांची अब्रू पणास लागली आणि नळाच्या तोंडातील बोटभर बुळबुळीने निकाल दिला, ती लिहून न ठेवावी तर पुढील पिढ्या म्हणतील, विद्वान माणसे असे करतीलच कशी? सबब जे घडले ते तिखटमीठ न लावता नमूद केले आहे.

संशोधन संस्थेच्या इमारतीत तीन मुलूख. वरच्या मजल्यावर पदार्थविज्ञान, मधल्या मजल्यावर रसायन आणि तळाशी, जिन्याखालच्या ओलसर खोलीत, सूक्ष्मजीव तंत्रज्ञान. तिन्ही मुलुखांस शुद्ध पाणी पुरवणारा कॅन एकच, तो जिन्याच्या वळणावर तिवईवर विराजमान असे. पाणी भरून घेण्याचा हक्क तिघांचा, धुण्याचा कोणाचाच नव्हे. वरचे म्हणत, पाणी हे रसायन, रसायनवाल्यांनी धुवावे; मधले म्हणत, घाण म्हणजे जंतू, जंतुवाल्यांनी धुवावे; आणि तळचा मुलूख सांभाळणाऱ्या बाई काहीच म्हणत नसत, कारण शुद्ध पाण्याचा कॅन कोणीतरी धूतच असेल ऐसा त्यांचा भाबडा समज होता. ऐशी चार वर्षे लोटली.

मग एके दिवशी पदार्थविज्ञानाचे सुभेदार, लोकीं ज्यांस दिवेराव म्हणत, त्यांनी अतिनील दिव्याखाली शुद्ध पाणी धरिले आणि ते हिरवट चमकले. दिवेरावांनी दुसरे पाणी आणून ताडून पाहिले नाही, कॅन पाहिला नाही, थेट हुजूर संचालकांकडे धाव घेतली आणि शुद्ध पाण्यास स्वतःचे तेज असते ऐसा शोध जाहीर केला. हे ऐकोन रसायनाचे सुभेदार भुकटीराव यांच्या पोटात दुखू लागले, आणि त्यांनी तेच पाणी आटवून चिमूटभर पिवळी भुकटी काढिली, आणि ती लोहास घट्ट धरून बसते ऐसे दाखवोन नवे संयुग जाहीर केले. दोघांस शोध एकाच कॅनात लागला, याचे दोघांसही नवल वाटले नाही. हुजुरांस तर हर्ष मावेना. महिनाअखेर तपासणी समिती येणार होती. फर्मान सुटले की तिन्ही शास्त्रांचा संयुक्त शोध समितीपुढे मांडावा आणि तिसरी सही बाईंनी करावी.

बाईंची अवस्था निराळी होती. कापडाच्या रंगाचे सांडपाणी खाऊन निर्मळ करणारे जिवाणू त्यांनी दोन वर्षे पोसले होते. परंतु सात महिने झाले, ते उपाशी असल्यासारखे मरगळून पडत. समितीपुढे एक निळा चंबू रंगहीन करोन दाखवला तर खोली राहील, नाही तर तिची अडगळ होईल, ऐसे लेखी आले होते. आणि भुकटी लोहास धरून बसते हे ऐकताच बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी कापसाचा बोळा कॅनाच्या नळात फिरवोन जंतू वाढवायच्या बशीवर ओढला. दोन दिवसांनी बशीभर ठिपके उगवले आणि दिव्याखाली हिरवे चमकले. नळात जंतूंचा शेवाळी थर होता, चमक त्यांच्या रंगाची होती, भुकटीही तोच रंग आटून जाहली होती. पाणी उकळले तरी जंतू तेवढे मरत, रंग उरे, जिवाणूंस जगावयास लागणारे सारे लोह तो बळकावी, आणि बाईंची प्रजा उपाशी मरे.

बाईंनी अर्ज गुजरला की कॅन धुवावा. त्यावर दिवेराव आणि भुकटीराव, ज्यांचे सहा वर्षे बोलणे नव्हते, ते एक जाहले. उलट फर्मान आले की कॅन हे शोधाचे उगमस्थान असल्याकारणे त्यास ब्रश, साबण अथवा फडके लावणे सक्त मना आहे. आणि कॅनास कुलूपबंद साखळी पडली, नळ तेवढा मोकळा. बाईंनी दुसरा अर्ज दिला. कॅन समिती नेमली गेली. तिने चहाच्या तीन फेऱ्यांत कॅनाची व्याख्या ठरवली.

"मामा, आता काय करायचं?" बाईंनी प्रयोगशाळेतल्या म्हाताऱ्या मदतनिसांना विचारले.

"बाई, तुम्ही शिकलेली माणसं," मामा म्हणाले, "घरात माठाला शेवाळ धरलं तर आम्ही माठ घासतो. तुम्ही त्याला बक्षीस मागता."

"मी नाही हो मामा, ते वरचे!"

"मग सही करू नका म्हणजे झालं."

बाईंनी सही केली नाही.

तपासणीचा दिवस उगवला. समितीच्या प्रमुख, पिकल्या केसांच्या, रुंद काठाचा चष्मा ल्यालेल्या, जिन्याच्या वळणावर आल्या. दिवेरावांनी दिवा लावला, पाणी चमकले, टाळ्या पडल्या. भुकटीरावांनी भुकटीची कुपी तळहातावर मिरवली. आणि दिवेरावांस चेव चढून त्यांनी पेला भरला आणि ऐलान केले की असे शुद्ध पाणी पृथ्वीवर नाही, प्रमुखांनीच पहिला घोट घ्यावा. पेला ओठांशी गेला.

बाईंचा आवाज कधी चढत नसे. तो आजही चढला नाही.

"पिऊ नका. आधी नळात बोट घालून बघा."

दोन्ही सुभेदारांच्या तोंडचे पाणी पळाले. प्रमुखांनी पेला ठेवला, बाही सारली, बोट घातले, फिरवले, बाहेर काढले. बोटामागे शेंबडासारखी तार लांबत आली आणि दिव्याखाली ती हिरवी झगमगली.

"अगं बाई!" प्रमुख म्हणाल्या. "हा कधी धुतला होता?"

दिवेरावांनी भुकटीरावांकडे पाहिले. भुकटीरावांनी छताकडे पाहिले. हुजुरांनी घड्याळाकडे पाहिले.

"कुलूप मात्र नवं दिसतंय," प्रमुख म्हणाल्या, आणि बोट दिवेरावांच्या रुमालास पुसोन चालत्या झाल्या. जाता जाता बाईंस निळ्या चंबूसाठी चार दिवसांची मुदत देऊन गेल्या.

कुलपाची किल्ली लागलीच सापडली. धुवावे कोणी यावर मात्र तिन्ही मुलुखांत पुन्हा खल होऊ लागला, तेव्हा बाई आणि मामा बाटलीचा ब्रश, गरम पाणी आणि ब्लीचिंग पावडर घेऊन जिन्यात बसले आणि अकरा मिनिटांत गड सर केला. चौथ्या दिवशी सकाळी निळा चंबू पाण्यासारखा नितळ दिसला. प्रमुखांनी तो उजेडात धरला, मागच्या खिडकीचे गज मोजले आणि खोली कायम ठेविल्याचा शेरा मारला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. संस्थेच्या वार्षिक अहवालात ती हुजुरांच्या शिक्क्यानिशी दर्ज आहे. पदार्थविज्ञान: शुद्ध पाणी चमकत नाही, हे दिवेराव यांनी प्रथमच सिद्ध केले. रसायन: शुद्ध पाण्यात पिवळी भुकटी नसते, हे भुकटीराव यांनी निर्विवाद दाखवले. सूक्ष्मजीव तंत्रज्ञान: जिवाणूंनी रंग खाल्ला. कॅनाचा उल्लेख कोठेही नाही. कॅनावर मात्र मामांनी एक कागद डकवला आहे, दर सोमवारी धुणाऱ्याने सही करण्यासाठी. त्यावर आजवर एकोणीस सह्या जाहल्या. दहा बाईंच्या आहेत, नऊ मामांच्या.