सासूचा घास

चूल अजून कुणाला सुचली नव्हती, त्यामुळे भाजी करपली म्हणून सुनेला बोलायची सोय नव्हती. तळ्याकाठच्या ओगाने त्यावर तोड काढली होती. तिच्या तोंडात एक दात उरला नव्हता आणि मांस तर कच्चंच खायचं. म्हणून सून लुमीने प्रत्येक तुकडा चावून मऊ करायचा, मग सासूच्या हातावर ठेवायचा.

"याला चावणं म्हणतात? आमच्या वेळी सासूला नुसतं गिळायचं काम असे," ओगा म्हणायची. लुमी गप्प. तोंडात घास असताना बोलणार काय? आणि घास दिवस मावळेपर्यंत असायचाच.

एकदा लुमीचा नवरा टुम सिंहांनी टाकलेली म्हाताऱ्या रानरेड्याची तंगडी ओढत घेऊन आला. दुसऱ्याच घासाला लुमीचा जबडा धरला. ती नुसत्या खुणा करू लागली.

"सोंगं सगळी! उपाशी मारायचंय मला!" ओगाने धोंडा उचलून सुनेकडे भिरकावला. नेम चुकला आणि धोंडा मांसावर पडला. मग तिने राग मांसावरच काढला. सुनेच्या माहेरच्या एकेकाचं नाव घेत ती ठेचत सुटली. माहेर मोठं होतं. शेवटी दमून तिने बोटाला लागलेला लगदा चाखला, तर तो चक्क गिळला गेला.

"टुम्या, माझं मी जेवले रे!" म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता कुणाच्या तोंडाकडे बघायला नको!"

"आई, मलाही दे की ठेचून," टुम म्हणाला. बघता बघता सगळी टोळी आपापला वाटा घेऊन रांगेत बसली. ओगाला नाही म्हणवेना, आता मान मिळत होता.

इकडे लुमीचा जबडा बरा झाला. तोंडाला काम उरलं नव्हतं आणि कित्येक पावसाळ्यांची उत्तरं आत साठली होती.

"जरा बारीक ठेचा की, सासूबाई. हात दुखतो म्हणे? सोंगं सगळी! आमच्या आईचं ठेचणं बघायला हवं होतं तुम्ही. आणि माहेराबद्दल काय म्हणत होता त्या दिवशी? माझा थोरला मामा..."

मामा संपून आत्या सुरू झाली. संध्याकाळी म्हातारीने धोंडा बाजूला सारला.

"लुमी, बाळा, तूच चाव गं. धोंड्याला तुझ्या दातांची चव नाही."

"अगं, ठेचलेलं आहे की समोर!" टुम चक्रावला.

"तू गप रे," ओगा त्याच्या कानाशी लागली. "जा, एखादा रेडा शोध. चांगला चिवट बघून आण."