उशीचा भाव इनबॉक्समध्ये

मुलांनो, जरा कल्पना करा. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं एक घर आहे. एका खोलीत कापूस आहे. दुसऱ्या खोलीतही कापूसच आहे, फक्त तिथे माणसंही राहतात. चहात कापूस, कंगव्यात कापूस, बाबांच्या मिशीत कापूस. केलीत कल्पना? आता एक गंभीर सत्य ऐका, ते शाळेत शिकवत नाहीत: ज्या कामाला पैसे लागत नाहीत, त्याला घरातली सगळी माणसं लागतात.

या घरातली आई उशा करायची. खोळीत कापूस भरायचा, गुडघ्याने दाबायचा, कोपरे बोटांनी चाचपायचे आणि शेवटचा टाका असा घालायचा की तो शोधून सापडू नये. तिच्या उशीवर डोकं टेकलं की माणूस उद्याची परीक्षासुद्धा विसरायचा (निकाल लागला की आठवायची, पण तो उशीचा दोष नव्हे). त्यातली सगळ्यात चांगली उशी होती तिच्या मुलीची, बिट्टीची. निळ्या काठाची. तिचा एक कोपरा जरा चपटा होता, कारण बिट्टी तो मुठीत धरल्याशिवाय झोपत नसे.

विक्रीची पद्धत फारच मागासलेली होती. गिऱ्हाईक जिना चढून यायचं. "भाव काय?" म्हणायचं. आई तोंडातली सुई काढून भाव सांगायची. गिऱ्हाईक पैसे देऊन उशी घेऊन जायचं. झालं! यात ना कुठे धोरण, ना नियोजन. नुसती विक्री.

ही अवस्था आईच्या धाकट्या भावाला बघवेना. हा मामा दोन दिवसांसाठी आला होता आणि बरेच दिवस तेच दोन दिवस चालू होते. 'घरगुती उद्योगांची बिनखर्ची ऑनलाइन जाहिरात' या विषयातला तो तज्ज्ञ होता. त्याचा स्वतःचा उद्योग कोणता, हे कोणी विचारत नसे. विचारलं की तो मार्गदर्शन करू लागायचा.

"ताई, तुझी उशी चांगली आहे, तिथेच घोटाळा आहे," मामा म्हणाला. "चांगल्या मालाला वाटतं, आपण आपोआप खपू. अगं, जगाला कळायला नको?"

"कळतं की. तळमजल्यावरच्या वहिनींनी पहिल्या मजल्यावर सांगितलं, तिथून समोरच्यांना..."

"त्याला जग म्हणत नाहीत, ताई. त्याला जिना म्हणतात."

आईने सुई पुन्हा तोंडात धरली आणि जाहिरातीला सुरुवात झाली.

खर्च शून्य ठेवायचा असल्याने खात्यांची वाटणी घरातच झाली. बाबांकडे प्रकाश आणि पार्श्वभूमी. म्हणजे त्यांनी स्टुलावर उभं राहून दोन्ही हातांनी पांढरी चादर धरायची. (चादर दोरीवरही टांगता आली असती, पण दोरी विकत आणावी लागली असती.) आईकडे हावभाव. कापूस भरताना तिने कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. त्यामुळे उशीत जायचा तो कापूस बराचसा तोंडात जाई. बिट्टीकडे हृदय खातं. घरातल्या सगळ्या फोनवरून सगळ्या फोटोंवर लाल बदाम दाबायचे.

आणि फोटोसाठी निवड झाली निळ्या काठाच्या उशीची.

"ती माझी आहे," बिट्टी म्हणाली.

"तुझीच आहे गं! म्हणून तर तिला मान दिलाय," मामा म्हणाला. "पहिली ऑनलाइन ऑर्डर आली की तुझी तुला परत. मामाचा शब्द."

त्या दिवसापासून सदर उशी टेबलावर काचेच्या झाकणाखाली राहू लागली आणि बिट्टी घडी घातलेल्या स्वेटरवर झोपू लागली. स्वेटरला बटणं होती. सकाळी तिच्या गालावर चार भोकांचा शिक्का असायचा. शाळेत मुलं तिला 'बटण' म्हणायला लागली. बिट्टी मात्र पहिल्या ऑर्डरची वाट बघत राहिली.

प्रगती झपाट्याने होत होती. मामाने घरगुती उद्योजकांच्या एका ऑनलाइन गटात आईचं नाव घातलं. तिथे मेणबत्त्यांवाली होती, साबणवाला होता, विणलेली टोपडी विकणाऱ्या दोघी बहिणी होत्या. नियम एकच: तुम्ही माझं कौतुक करा, मी तुमचं करतो. आईने उशीचा फोटो टाकला की साबणवाला लिहायचा, 'अप्रतिम!' त्याने साबण टाकला की आईने लिहायचं, 'सुगंध इथपर्यंत आला!' त्या गटात सगळे विकणारेच होते, घेणारा कोणीच नव्हता. पण त्यामुळेच तिथे घासाघीस नाही, उधारी नाही, माल परत करण्याची कटकट नाही. इतका सभ्य बाजार जगात दुसरा नसेल.

दर रविवारी मामा अहवाल वाचून दाखवी. बघणारे वाढले, बदाम वाढले, टाळ्या वाढल्या. "विक्री सोडली तर सर्व आघाड्यांवर वाढ आहे," तो म्हणायचा. विक्री थांबण्याचं कारणही साधं होतं. हसण्याचे व्हिडिओ काढण्यात आईचा दिवस जाई आणि नवीन उशी भरायला वेळच उरत नसे. शिवाय जिना चढून येणाऱ्यांना मामा दारातूनच परत पाठवी. "ऑनलाइन या," तो अगत्याने सांगे.

पण या शास्त्राचा कळस म्हणजे भाव. भाव चारचौघांत कधीही सांगायचा नसतो. भाव कळला तर माणूस वस्तू घेऊन टाकतो किंवा निघून जातो, आणि दोन्ही बाबतीत त्याचं आपल्याशी नातं संपतं. म्हणून कोणी भाव विचारला की लिहायचं: 'इनबॉक्स बघा.'

हे ज्यांना पहिल्यांदा लिहिलं गेलं, ते तळमजल्यावरचे घड्याळकाका. ते दिवसभर मान खाली घालून घड्याळं दुरुस्त करत, त्यामुळे त्यांची मान तशीच आखडली होती. माणसांना ते चपलांवरून ओळखत. कुणा गिऱ्हाइकाच्या फोनवर त्यांनी उशीचा फोटो पाहिला आणि त्याच्याकडूनच लिहून घेतलं, 'भाव काय?' उत्तरात 'इनबॉक्स बघा' आणि तीन फुलं आली.

"मी भाव विचारला तर फुलं का गं पाठवली?" त्यांनी बिट्टीच्या चपलांना विचारलं. "मी अजून जिवंत आहे."

बिट्टीने हे वर येऊन सांगितलं. "बघ! माणूस गुंतला!" मामा म्हणाला.

मग मामाने स्पर्धा जाहीर केली. फोटो पाच जणांना पाठवा आणि उशी फुकट मिळवा. घरात उशी एकच उरली होती, त्यामुळे बक्षीस कोणतं याचा गोंधळ झाला नाही. सोडतीत मेणबत्तीवाली जिंकली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बिट्टीने नाही.

"पण मामा, पहिली ऑर्डर आली की माझी मला, म्हणाला होतास."

"अगदी! ऑर्डर आली की. ही ऑर्डर नाही बाळा, हा बक्षीस समारंभ आहे. संध्याकाळी खोक्यात घालू."

बिट्टीने आईकडे पाहिलं. आई हसायला लागली. ते खरं हसू नव्हतं, सवयीचं होतं, आणि तोंडात थोडा कापूस होता.

मामा खोकं शोधायला गेला, बाबा स्टुलावरून उतरायला गेले, तेवढ्यात बिट्टीने उशी काखेत मारली आणि जिना उतरली. दुकानात घड्याळकाका मान चोळत बसले होते.

"काका, डोकं ठेवून बघा."

"आत्ता? दुकान उघडं आहे."

"थोडंसंच."

काकांनी टेबलावरची चिमटे-चाकं बाजूला सारली, उशीवर डोकं ठेवलं आणि पुढच्याच क्षणी घोरू लागले. ते घोरणं ऐकण्यासारखं होतं. भिंतीवरची सगळी घड्याळं त्याच्या तालावर चालल्यासारखी वाटत होती. रस्त्यावरची माणसं थांबली. बरीच जमली. त्यातल्या बहुतेकांनी काय केलं, हे तुम्हाला सांगायला नको: फोन काढले आणि फोटो घेतले. एकट्या शाळेच्या बसच्या ड्रायव्हरबाईंनी फोन काढला नाही.

"ए बटणे," त्या म्हणाल्या, "ही उशी कुठे मिळते? भाव काय?"

वरच्या गॅलरीत मामा आला. एवढे फोन बघून त्याला भरून आलं. "इनबॉक्स!" तो ओरडला. "ताई, खाली बघ, जग आलंय! भाऊजी, चादर!"

बाबा चादर घेऊन गॅलरीत आले. आईही आली. बिट्टीने मान वर केली.

"आई, भाव काय गं?"

आई मामाकडे बघू लागली. कितीतरी दिवसांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. मग तिने तोंडातला कापूस काढला आणि भाव सांगितला, पण हळूच. तो बिट्टीलाच कसाबसा ऐकू आला.

तेव्हा बिट्टी दुकानाच्या पायरीवर चढली आणि तिने भर रस्त्यात, भर दिवसा, सगळ्या जगासमोर तो भाव मोठ्याने सांगितला.

मामाने डोळे मिटून घेतले.

"दोन दे," ड्रायव्हरबाई म्हणाल्या. "मला कधी मिळतील?"

"उद्या!" वरून आईच ओरडली आणि खोळ शोधायला आत पळाली. आवाजाने घड्याळकाका जागे झाले. मान सोडवत त्यांनी वर पाहिलं, आणि बघतच राहिले. "अगं, तू केवढी मोठी झालीस! चपलांवरून वाटलं नव्हतं. मलाही एक सांग हो आईला."

बिट्टीने त्यांच्यापुढची आपली उशी उचलली. जिना चढली. खोकं हातात घेऊन उभ्या असलेल्या मामाला वळसा घालून, "ऑर्डर आली," एवढंच म्हणून ती आत गेली आणि चपट्या कोपऱ्यावर मूठ आवळून, भर दुपारी, चपला न काढताच झोपली.

आता तुम्ही विचाराल, भाव किती होता? तो तर तिने मोठ्याने सांगितला होता. ज्यांना उशी हवी होती, त्यांनी ऐकला. तुम्ही बहुधा फोटो काढत होतात. आणि आता तिला उठवता येणार नाही.

इनबॉक्स बघा.