उसाच्या मापाची ट्रॉली

काष्टीजवळच्या वस्तीवर कानिफनाथाने घरच्या घरी ट्रॉली बनवायची ठरवली, तेव्हा सगळ्यात आधी त्याने बायकोच्या खोलीचे पत्रे उचलले. रुपालीची खोली अजून झाली नव्हती. दोन वर्षं ती नुसती पत्रे आणि लोखंडी अँगल होऊन गोठ्याला टेकून उभी होती. रुपाली ब्लाउज शिवायची आणि तिचं मशीन स्वयंपाकघरात गॅसशेजारी होतं. गावातल्या निम्म्या बायकांच्या ब्लाउजला लसणाच्या फोडणीचा वास यायचा, आणि तसं त्या तोंडावर सांगायच्याही.

"एक हंगाम थांब," कानिफनाथ म्हणाला. "शनिवारी बाजाराला शेळ्या-बोकडं न्यायला समद्यांना ट्रॉली पायजे. ती सुरू झाली की तुला पत्र्याची न्हाई, स्लॅबची खोली बांधतो."

"कधी?" रुपालीने गळ्यातला टेप सारखा केला.

"ट्रॉली गेटाबाहेर पडली की लगेच!"

एक्सल सुप्याच्या बाजूला सापडला. रस्त्याच्या कामावरच्या साहेबाची चाकांवरची खोली भंगारात आली होती. वरचा भाग पार कुजलेला, खालचा एक्सल मात्र नवाकोरा.

"दोनदाच चाललाय ह्यो," भंगारवाला राधाकृष्ण म्हणाला. "एकदा कामावर जाताना, एकदा हितं येताना. पर लई रुंद हाय. तुमच्या गेटातून जातोय का बघा अन् फोन करा. एकदा खोलीपासनं कापून दिला की परत घेनार न्हाई."

जाणकार म्हणून कानिफनाथाने चुलत्यांना, म्हणजे काकासाहेबांना, सोबत नेलं होतं. घरात सगळे त्यांना नाना म्हणत. टेप मात्र दोघांनीही नेला नव्हता. "दोरी ताणती, वितीचा भरवसा न्हाई," असं म्हणून नानांनी समोरच्या रसवंतीवरून एक लांबलचक ऊस आणला. कानिफनाथाने तो या चाकापासून त्या चाकापर्यंत धरला आणि राधाकृष्णच्या मशीनने दोन्ही टोकं बरोबर मापात कापून घेतली. मग पुढे कानिफनाथ आणि मागे ऊस सांभाळत नाना, असे दोघे मोटारसायकलवरून दीड-दोन तासांनी वस्तीवर पोचले.

गेट सामाईक होतं. उजवा खांब कानिफनाथाचा, डावा नानांचा. डाव्यावर संगमरवरी पाटी होती: 'माजी उपसरपंच काकासाहेब'. दोन खांबांमधून ऊस आडवा गेला, वर चार बोटं जागा उरली. कानिफनाथाने तिथूनच फोन लावला.

दोन दिवसांनी एक्सल टेम्पोतून आला. चौघांनी तो लांबीत धरून आत नेला. लांबीत धरल्यावर बांबूसुद्धा बोळातून जातो, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. रुपालीही मशीनवरून उठून आली, एक्सलपाशी वाकली, गेटापाशी जरा घुटमळली आणि परत जाऊन शिवायला बसली.

त्या दिवसापासून तिला ट्रॉलीत भलताच रस वाटू लागला. "वरून पत्रा टाका. बोकडं तापत्याल."

"टाकतो."

"आन् उंच करा. उभ्या मानसाला आत जाता आलं पायजे. वाकून वाकून तुमची कंबर धरंल. एका बाजूला खिडकी ठिवा, जनावराला वारं लागतं."

कानिफनाथाचा ऊर भरून आला. आपल्या खोलीचे पत्रे गेले तरी बिचारी बोकडांचा विचार करते! त्याने खिडकीला वर छज्जाही लावला.

शनिवारी सकाळी नारळ फुटला. वस्तीवरची नऊ बोकडं आत चढली. कानिफनाथाने ट्रॅक्टर ऐटीत गेटाबाहेर काढला, आणि मागे मोठा आवाज झाला. ट्रॉली दोन खांबांत घट्ट अडकली होती. पाटीचा कोपरा उडून त्यातला 'माजी' तेवढा खाली पडला होता. बोकडं ओरडत होती, बोकडांचे मालक त्याहून मोठ्यानं ओरडत होते.

"मापात चुकलास तू!" नाना गरजले.

"मी चुकलो?" कानिफनाथ तडक घरात गेला आणि वळचणीचा वाळका ऊस घेऊन आला. "ह्यो बघा पुरावा!"

ऊस गेटातून आरामात गेला. मग त्याने तो चाकांना लावला. ऊस चांगला वीतभर आखूड पडला. कानिफनाथ कधी उसाकडे, कधी एक्सलकडे बघत राहिला. रुपालीने ऊस हातात घेतला.

"हे टोक मशीननं कापलंय, सरळ हाय. अन् हे तर दातानं सोललंय."

सगळे नानांकडे बघू लागले. नानांनी घसा खाकरला.

"बेलवंडीच्या पुढं लई तहान लागली हुती. दोनच पेरं खाल्ली. मला वाटलं, मोठ्या कामात दोन पेरांनी काय व्हतंय?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "गोड मातर लई हुता."

बोकडं उतरवून टेम्पोने बाजाराला गेली. ट्रॉली ढकलून मागे घेतली. नानांना खरोखर वाईट वाटलं होतं. आठ दिवसांत गवंडी आणून आपला खांब पाडून देतो, असं त्यांनी कबूल केलं. पाटी मात्र ते रोज पुसत होते, कारण 'माजी' गेल्यापासून ती त्यांना जास्त आवडू लागली होती.

"तवर मशीन ट्रॉलीत ठिवते," रुपाली म्हणाली. "तेवढीच फोडणीपासून सुटका."

पहिल्या दिवशी मशीन गेलं. दुसऱ्या दिवशी वायर ओढून दिवा आणि पंखा लागला. तिसऱ्या दिवशी पडदा आला. आठव्या दिवशी कानिफनाथ गवंड्याला घेऊन आला, तर दारात चपलांचे सहा जोड आणि आतून हसण्याचा आवाज. नाना आधीच बाहेर उभे होते, हातात सदऱ्याचं कापड घेऊन.

"खांब पाडायचा ना, नाना?"

"थांब जरा. माझा नंबर जाईल."

गवंडी चहा पिऊन परत गेला. दुपारी ट्रॉली रिकामी झाल्यावर कानिफनाथ आत शिरला. कंबर न वाकवता उभा राहिला. खिडकीतून छान वारा येत होता. मशीनवर रुपालीची मापांची वही उघडी होती, ती तो सहज चाळू लागला. छाती, कंबर, बाही, गळा. एक्सल आला त्या दिवसाच्या पानावर एका ब्लाउजच्या मापाखाली स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं:

'गेट ८८ इंच. एक्सल ९६ इंच. खिडकी मशीनच्या बाजूला.'