विक्रीला नसलेल्या झुकिन्या

कर्जासाठी घर तपासायला टिबेट्स नावाचे गृहस्थ दहा वाजता येणार होते आणि सकाळी सातलाच वेंडल क्रूपाच्या व्हरांड्यात कुणीतरी काकडीसारख्या दिसणाऱ्या झुकिन्यांची भरलेली टोपली ठेवून पसार झालं होतं.

"आणखी?" त्याची बायको जोलीन दारातूनच म्हणाली. "फ्रिजमध्ये बोट घालायला जागा नाही. कालच्या केकमध्येसुद्धा तीच होती."

ऑगस्ट लागला की ओहायोच्या या भागात प्रत्येकजण जूनमधली स्वतःची अक्कल काढत बसतो. चार रोपं लावावीत तर चाळीस घरांना पुरेल एवढं पीक, आणि त्या चाळीसही घरांनी चार-चार रोपं लावलेली. मग माणसं गुपचूप एकमेकांच्या दारात झुकिन्या टाकून येतात. वेंडलने एकही रोप लावलं नव्हतं, त्यामुळे सगळ्या गावाची त्याच्यावर विशेष माया होती.

नवराबायको या घरात भाड्याने राहत आणि मालकाने ते विकायला काढलं होतं. वेंडल शाळेची बस चालवायचा. साठवलेलं फारसं काही नव्हतं, म्हणून सगळी भिस्त सरकारी हमीच्या ग्रामीण गृहकर्जावर. ते नाकारलं गेलं तर शनिवारी घर मालकाच्या मेव्हण्याच्या घशात जाणार होतं. अटी साध्याच होत्या. गाव लहान हवं, छप्पर धड हवं, विहिरीचं पाणी चांगलं हवं. आणि जागेवर कमाईचा धंदा नको.

व्हरांडा नीटनेटका दिसावा म्हणून वेंडलने झुकिन्या रस्त्याकडेच्या टेबलावर नेल्या. लहान एकीकडे, मोठ्या एकीकडे, ऊन लागू नये म्हणून वर छत्री. माणूस फार टापटिपीचा.

टिबेट्सनी छप्पर पाहिलं, विहीर पाहिली, मान डोलावली आणि जाता जाता टेबलापाशी थबकले.

"हा भाजीचा स्टॉल तुमचा?"

"स्टॉल नाही साहेब. लोकांनी न्याव्यात म्हणून ठेवल्यात."

"आकाराप्रमाणे लावल्यात. वर छत्री आहे."

"सवय आहे हो मला, नीट ठेवायची."

"जागेवर धंदा असेल तर मला लिहावं लागतं."

जोलीनने धावत जाऊन पुठ्ठ्यावर 'फुकट' असं लिहून आणलं. टिबेट्सनी त्याच्यावरून बोट फिरवलं. "शाई ओली आहे."

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या लोरेटाबाई आल्या. कर्जवाल्यांपुढे पोरांची चार पैशांची आवक दिसलेली बरी, असं त्या माउलीला वाटलं. "काय खपते हो यांची भाजी, साहेब. मी रोजची गिऱ्हाईक. उठल्या उठल्या इथेच येते."

"लोरेटाबाई, गप्प बसा ना," जोलीन रडवेली झाली.

"लाजतेस काय? कष्टाचं आहे."

टिबेट्स लिहू लागले. आठ वर्षं हे घर वेंडलने स्वतःचं समजून रंगवलं होतं.

"साहेब, पंधरा मिनिटं थांबा," तो काकुळतीने म्हणाला. "एकाने जरी झुकिनी उचलली तर खुशाल लिहा."

टिबेट्सनी घड्याळ लावलं. चारजण रस्त्याकडे बघत उभे राहिले. दोन मिनिटांत एक लाल ट्रक थांबला. जोलीनने नवऱ्याचा दंड घट्ट धरला. ट्रकमधून एक म्हातारा उतरला, त्याने पाटी वाचली, ट्रकमधून झुकिन्यांचं खोकं काढून टेबलावर ठेवलं आणि कुणी हाक मारायच्या आत निघून गेला. पाठोपाठ एक बाई दोन पिशव्या ठेवून गेल्या. "गावात अशी सोय हवीच होती," असंही म्हणाल्या. पंधरा मिनिटांत टेबल वाकलं. उचलली मात्र कुणी एकही नाही.

टिबेट्स लोरेटाबाईंकडे वळले. "तुम्ही रोज येता ना? आज काय नेलंत?"

लोरेटाबाई चपलेने माती उकरू लागल्या. "नेलं नाही," त्या पुटपुटल्या. "ठेवलं. सकाळची टोपली माझीच."

टिबेट्सनी आधीची ओळ खोडली, 'जागेतून उत्पन्न: नाही' असं लिहिलं आणि सही ठोकली. "जागा नियमात बसते. बाकीचे कागद बँक बघेल, पण घर तुमचं झालं असं समजायला हरकत नाही."

जोलीनने लोरेटाबाईंना मिठी मारली आणि मनसोक्त रडून घेतलं. वेंडलने उगाच छत्री सरळ केली.

टिबेट्स गाडीपाशी गेले. त्यांनी रस्ता दोन्ही बाजूंनी न्याहाळला, डिकी उघडली आणि झुकिन्यांची एक गच्च पिशवी दोन्ही हातांनी उचलून आणली.

"बायकोने सकाळी गाडीत घातली," ती टेबलावर टेकवत ते खालच्या आवाजात म्हणाले. "मघाशीच विचारणार होतो, पण तपासणी चालू असताना बरं दिसलं नसतं."