तळ्याचा खप

मुलांनो, एका जंगलात हत्तीचं गुऱ्हाळ होतं. हत्ती गुऱ्हाळ कसा चालवतो, असं विचारू नका. खाऊन ऊस उरला की त्याचा गूळ करायचा, एवढंच त्याला ठाऊक होतं.

गाढव तो गूळ गाडीतून जंगलभर पोचवायचं. वाघाच्या टेकडीखाली सगुणाबाई भेकरीचं दुकान होतं. तिला वर्षातून एकदाच, संक्रांतीला, गुळाची ढेप लागायची. पहिला तिळगूळ वाघोबाला. तो खाल्ला की वर्षभर भेकरांशी गोड बोलायचं, असा तिथला रिवाज. वाघोबा बिचारा तो पाळायचा. थोडक्यात, सगुणाबाईचा जीव त्या लाडवात होता.

यंदा हत्तीने घारीला नोकरीवर ठेवलं. कुठे किती माल खपेल याचा अंदाज बांधायचा आणि गाडीचा रस्ता आखायचा, हे तिचं काम. आकाशातून तिला सगळंच जवळ दिसायचं.

"गेल्या वर्षी सर्वांत जास्त गूळ तळ्यात गेलाय," ती म्हणाली.

"ताई, तिथं माझी गाडी उलटली होती," गाढव म्हणालं.

"माल परत आला का?"

"नाही."

"मग खपला!"

"आणि टेकडी?"

"तिथे अकरा महिने गुळाला कोणी विचारत नाही. सरासरी काढली तर चिमूटभर. चिमटीसाठी कोणी गाडी पाठवतं का?"

झालं! सगळा गूळ तळ्यात गेला. बेडकांनी अजिबात तक्रार केली नाही.

संक्रांत आली. सगुणाबाईने तीळ भाजून ठेवले आणि ती वाट बघत बसली. गाडी नाहीच. गाढव तेवढं रिकामं आलं आणि झाला प्रकार सांगून गेलं. मागोमाग वाघोबा हजर, अंघोळ करून, मिशा विंचरून.

"आण गं लाडू."

"तीळ आहेत, वाघोबा. गूळ नाही."

"मग मी गोड कशाला बोलू?" वाघोबाने जीभ ओठांवरून फिरवली.

सगुणाबाईने तिळांचं पातेलं उचललं. ती म्हणाली, "तुमचा गूळ तळ्यात पडलाय. चला, दाखवते."

तळ्याकाठी वाघोबाने तोंडात तीळ टाकले आणि वर तो ते गोड पाणी प्यायला. पोट तट्ट फुगेपर्यंत प्यायला. मग ढेकर देऊन म्हणाला, "सगुणाबाई, बरी आहेस ना? पोरंबाळं काय म्हणतात?"

सगुणाबाईला हसू आणि रडू एकदमच आलं.

तेवढ्यात हत्ती आला. घार झर्रकन खाली उतरली. "बघा साहेब, गिऱ्हाईक स्वतः चालत मालापाशी आलं. टेकडीची अख्खी फेरी वाचली!"

हत्तीने खूश होऊन तिला बढती दिली. गाढवालाही नवा हुकूम मिळाला: यापुढे गाडी तळ्यातच उलटवायची, पण वेळेवर.

तात्पर्य: मुलांनो, अंदाज चुकला म्हणून घाबरू नका. चुकलेल्या जागी कोणीतरी जीव मुठीत धरून गिऱ्हाईक आणून सोडतंच. तोवर आपण उंच उडत राहावं.