चौथी ओळ

"डॉक्टरनं सांगतलं आहे," असं तुलसाबाईने म्हटलं की लक्ष्मीचंद राहांगडाले हातातली कपबशी खाली ठेवायचा. पुढे काय येईल याचा नेम नसे. भात एकच वाटी खायचा, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मीठ कमी, हेही सांगितलं होतं. पण दोस्त टेकचंदच्या ओट्यावर तासन्‌तास बसायचं नाही, जेवताना निवडणुकीच्या गोष्टी करायच्या नाहीत आणि जावयाशी फोनवर चढ्या आवाजात बोलायचं नाही, हेसुद्धा देवरीच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल, यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. साखरेचा आजार लागून सहा वर्षं झाली होती. त्या सहा वर्षांत डॉक्टर जेमतेम वीस वेळा भेटले असतील. तुलसाबाईच्या तोंडून ते रोज चाळीस वेळा बोलत होते.

सगळ्यांत जास्त जाच चपलेचा. "चप्पल घाला जी," हे वाक्य उठल्यापासून निजेपर्यंत त्याच्या मागे चालायचं. अंगणात, वाडीत, धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, सगळीकडे.

"खळ्यात कोनी चप्पल घालून जाते का?" लक्ष्मीचंद खेकसायचा. "धान लक्ष्मी होय. तिच्यावर चपलेचा पाय देऊ?"

"खळ्यात नोका घालू. खळ्यापर्यंत तं घाला. डॉक्टरनं सांगतलं आहे."

"डॉक्टरनं नाई, तूनं सांगतलं आहे!"

खळ्यात चप्पल घालायची नाही ही चाल त्या गावात खरीच होती. पण लक्ष्मीचंदला लक्ष्मीचा पुळका चपलेपुरताच यायचा. एरवी त्याच धानाच्या राशीला टेकून तो खुशाल तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसायचा, आणि तोही डॉक्टरांनी बंद केला होता.

शेवटी २००९ च्या दिवाळीनंतर तो तपासणीला एकटाच देवरीला गेला आणि डॉक्टरांसमोर हात जोडून उभा राहिला.

"साहेब, तुमी काय सांगतलं अन् तिनं त्यात काय जोडलं, हे मले अलग करून द्या. कागदावर."

डॉक्टर शेंडे हसले. "राहांगडालेजी, वहिनी बोलतात म्हणून तुमची साखर ताब्यात आहे."

"लिवून द्या साहेब. सई मारून. मंग तिचं तोंड बंद."

बाहेर चाळीस पेशंट खोकत होते. डॉक्टरांनी कागद ओढला, सहा ओळी लिहिल्या, कोपऱ्यात सही केली. लक्ष्मीचंदने तो कागद बसस्टँडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशन करून घेतला. घरी परतताना चिचगडच्या गाडीत तो कागद मांडीवर ठेवून कोर्टात केस जिंकल्यासारखा बसला होता.

घरी येताच त्याने बायकोला समोर बसवलं. मुलगा भुवनेश्वर नोकरीसाठी नागपुरात, मुलगी रविता कोहमाऱ्याला सासरी, त्यामुळे घरात दोघंच. तुलसाबाईला वाचता येत नव्हतं. लक्ष्मीचंद सातवी पास. त्याने बोट फिरवत एकेक ओळ मोठ्यांदा वाचली. भात एक वाटी. मीठ कमी. रोज अर्धा तास चालणे. खर्रा बंद. गोळी सकाळी, जेवणाआधी.

"अन् चप्पल?" तुलसाबाईने विचारलं.

"नाई."

"नीट पाहा ना जी. ओळी तं सहा दिसून राहिल्या. तुमी पाच वाचल्या."

"त्यातली एक डॉक्टरची सई होय. चप्पल कुठीच नाई. म्हंजे सहा वर्षं तू आपल्याच मनानं माझ्या मागं लागली होतीस."

तुलसाबाई कागदाकडे बघत राहिली. पहिल्या तपासणीला डॉक्टरांनी पायाबद्दल काहीतरी सांगितलं होतं, असं तिला पक्कं आठवत होतं. पण सहीशिक्क्याच्या कागदापुढे आठवणीला कोण विचारतं? सहा वर्षं 'हे तुझ्याच डोक्यातलं' असं ऐकून ऐकून तिलाही आता तसंच वाटायला लागलं होतं. ती उठली, धानाच्या कोठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "आजपासून कागदाबाहेरचं एक अक्षर बोलन, तं मी तुलसा नोहे."

लक्ष्मीचंद खूश झाला. ही बाई बोलल्याप्रमाणे वागते, हे त्याला तीस वर्षांपासून माहीत होतं. भीती वाटायला हवी होती ती याचीच.

पहिले आठ दिवस स्वर्गात गेले. तुलसाबाई दिवसातून पाच वाक्यं बोलायची, तीही कागदाच्या क्रमाने. बाकी घर मुकं. लक्ष्मीचंद टेकचंदच्या ओट्यावर मनसोक्त बसला, जावयाशी मनसोक्त भांडला आणि गावभर अनवाणी फिरला. टेकचंदने हेव्याने विचारलं, "तुयावाला कागद मलेबी एक झेरॉक्स करून दे ना बापा."

नवव्या दिवशी मळणी होती. लक्ष्मीचंद खळ्यात अनवाणी गेला आणि संध्याकाळी अनवाणीच परतला. सारवलेल्या ओट्यावर त्याच्या डाव्या पावलामागे लाल ठिपके उमटत आले. बाभळीचा काटा अंगठ्यात मोडला होता. त्याला पत्ताच नव्हता. साखरेने पायाची जाण केव्हाच गेली होती.

तुलसाबाईने ठिपके पाहिले. तोंड उघडलं. भिंतीवर लावलेल्या कागदाकडे पाहिलं. तोंड मिटलं आणि शेणाचा हात फिरवून ओटा पुसून घेतला.

दुसऱ्या दिवशी अंगठा सुजला. तिने न बोलता गरम पाण्याचं घमेलं त्याच्यापुढे ठेवलं.

"हे कायले?"

तिने त्याच्या अंगठ्याकडे बोट दाखवलं.

"कागदात आहे का?"

तिने घमेलं उचलून नेलं. मग हळदीची वाटी आणून ठेवली, तीही परत गेली. चपला त्याच्या वाटेत नेमक्या आडव्या ठेवल्या, तर त्याने त्या पायाने बाजूला सारल्या, आणि सारल्या त्या त्याच पायाने. तिने शपथ मोडली नाही. त्यात राग होता, हे कबूल केलं पाहिजे. सहा वर्षांची काळजी एका कागदाने खोटी ठरवली होती. डॉक्टरांनाच जर काही वाटत नाही, तर आपण कोण?

तिसऱ्या दिवशी अंगठा काळसर झाला आणि जेवताना वास आला. लक्ष्मीचंद म्हणाला, "उंदीर मेला वाटते कुठी." तुलसाबाईने आपलं ताट बाजूला सारलं.

शेजारच्या धुरपताबाईकडून कागद वाचून घेता आला असता. पण नवऱ्याने वाचलेलं दुसऱ्याकडून तपासून घ्यायचं म्हणजे गावात त्याची काय इज्जत राहील? मग तिला एकच मार्ग सुचला. बोलायचं नाही, पण कागदात एक ओळ वाढवून घ्यायला काय हरकत आहे? चौथ्या दिवशी पहाटेच तिने भिंतीवरचा कागद काढला, पिशवीत घातला आणि देवरीची गाडी पकडली. दवाखान्याला कुलूप होतं. डॉक्टर शिबिराला गेलेले, उद्या या. ती संध्याकाळी परत आली, एक अक्षर न बोलता भाकरी वाढली आणि पाचव्या दिवशी पुन्हा गेली.

"साहेब," तिने कागद टेबलावर ठेवला, "याच्यात एक ओळ लिवून द्या. पायाची. नाई तं मले बोलता येत नाई."

डॉक्टरांना आधी काही कळेना. तिने सगळं सांगितलं, काटा, सूज, वास, कोठीवरची शपथ. ऐकता ऐकता डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी कागद उचलला आणि त्यावर बोट ठेवलं.

"बाई, हे तर लिहिलेलंच आहे. ही चौथी ओळ. 'अनवाणी फिरू नये. रोज पाय पाहावे. जखम दिसल्यास त्याच दिवशी आणावे.'"

तुलसाबाईने त्या ओळीवर स्वतःचं बोट ठेवलं. बाकीच्या ओळींसारखीच तीही दिसत होती, काळी, वाकडीतिकडी.

"ते सई म्हनले होते," ती हळूच म्हणाली.

घरी पोचली तेव्हा लक्ष्मीचंद ओट्यावर बसला होता, अंगात ताप, डोळे लाल. तिने आरडाओरडा केला नाही. कागद त्याच्यापुढे धरला.

"चौथी ओळ वाचा."

लक्ष्मीचंदने कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग सहा वर्षांत पहिल्यांदा आपल्या पायाकडे पाहिलं.

त्याच दिवशी जीपमध्ये घालून त्याला गोंदियाला नेलं. तिथल्या सर्जनने पाय पाहिला आणि म्हणाला, "चार दिन पहले लाते तो अंगूठा बच जाता. घर में कोई देखनेवाला नहीं था क्या?"

अंगठा गेला.

दवाखान्यातून घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. जो येई तो आधी पट्टीकडे बघे आणि मग तुलसाबाईकडे. टेकचंद तर चहाचा घोट घेत तोंडावरच म्हणाला, "वयनी, तुमी चोवीस घंटे घरी. एवढा पाय सडला, तुमच्या ध्यानात आलं नाई? एक शब्द बोल्ल्या असत्या तं?"

धुरपताबाईनेही मान हलवली. तुलसाबाई रिकामे कप गोळा करू लागली. तिला सांगता आलं असतं. कागद भिंतीवर परत लागलेला होता आणि बसलेल्यांपैकी तिघांना वाचता येत होतं. ती कपावर कप रचत राहिली. लक्ष्मीचंदला ते कप वाजल्याचे आवाज सहन होईनात.

"तिले बोलू नोका," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "कागदात सगळं होतं. तिले वाचता येत नाई. अन् मले ते वाचाचं नवतं."

टेकचंदने चहा अर्धाच ठेवला. त्यानंतर झेरॉक्सचा विषय त्याने काढला नाही.

महिन्याभराने पट्टी सुटली. तुलसाबाईने चपला आणून त्याच्या पायापाशी ठेवल्या. लक्ष्मीचंदने मुकाट्याने दोन्ही पाय घातले, भिंत धरून उभा राहिला आणि एक पाऊल टाकलं. डावी चप्पल जागेवरच राहिली. त्याने परत घातली, ती परत राहिली. पट्टा धरायला अंगठाच नव्हता.

तुलसाबाईने जुन्या लुगड्याची एक पट्टी फाडली, खाली बसली आणि चप्पल पायाला बांधू लागली.

"हे कागदात आहे का?" त्याने विचारलं. या वेळी त्यात टोमणा नव्हता.

"नाई. हे माझं होय." तिने गाठ मारली. "घट्ट झालं का जी?"

लक्ष्मीचंदने पायाकडे बघितलं. पाय त्याला काहीच सांगत नव्हता.

"मले काय समजते," तो म्हणाला. "तूच सांग."